तीन ठिपके, पाच रेघा

समितीचे सर घरी आले आणि म्हणाले, तुमच्या भावाबद्दल दोन पानं लिहून द्या, खांब परत उभा राहील त्या दिवशी आपण एक छोटं पुस्तक काढतोय. मी म्हटलं, सर, मी शाळा चौथीत सोडली, मला कुठलं लिहिता येतंय. ते म्हणाले, बोलता तसं मोबाइलवर टाइप करा, चुका आम्ही बघू. तर बोलते तशी लिहिते आहे. चुका खुशाल बघा. पण मधलं काही काढायचं नाही. काढायचंच असेल तर सगळंच काढा आणि माझं नावही घेऊ नका.

माझा दादा दगडकामाचा मिस्त्री. सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं ते वजन, भिंत सरळ आहे का बघायला वरून खाली सोडतात ते. त्याच्या खिशात कायम असायचा. स्वतःच्या लग्नात, पाहुणे बसलेले, आणि ह्यानं खिशातून ओळंबा काढून हॉलचा खांब तपासला. म्हणाला, "दोन बोटं बाहेर आहे." वहिनी अजून सांगते, मी तेव्हाच उठून जायला हवं होतं.

तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, आई दिवसभर लोकांकडे कामाला, म्हणजे मला वाढवलं त्यानंच. माझी वेणीसुद्धा तोच घालायचा. दगड फोडणाऱ्या हातांची वेणी, इतकी घट्ट की दिवसभर माझ्या भुवया वर ओढलेल्या. शाळेत बाई विचारायच्या, तुला सकाळपासून इतकं आश्चर्य कशाचं वाटतंय गं?

दादाची एक सवय होती. मी काही खोटं बोलले असं त्याला वाटलं की तो तीनदा विचारायचा. तीनदाच. एकदा डब्यातली साखर मी खाल्ली होती. पहिल्या दिवशी विचारलं, साखर कोणी खाल्ली? मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत, तेच शब्द, आवाज चढवायचा नाही. मी तिन्ही वेळा नाही. मग तो विषयच संपला. ते गप्प बसणं मला इतकं खायला लागलं की चौथ्या दिवशी मी रडत रडत जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बरं." एवढंच. आणि माझी वेणी घालायला बसला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दगडकाम तो आत्याच्या यजमानांकडे शिकला. दगडाचं तोंड घासून गुळगुळीत करतात, ते लोकांना दिसायला. पाठ मुद्दाम खडबडीत ठेवायची, छिन्नीचे घाव तसेच, म्हणजे माल धरतो. माल म्हणजे सिमेंटचा. दादाला तोंडाचं कौतुक नव्हतंच. दगड आला की तो आधी उलटा करून पाठीवरून हात फिरवायचा. वहिनी म्हणायची, माझ्याकडे बघायला आले होते तेव्हा माझी पाठ बघून पसंत केलं वाटतं.

आता त्या खांबाचं. जुन्यांना माहीत आहे, नव्यांसाठी लिहिते. नदीवरचा पूल बांधताना बांबूंची परांची कोसळली आणि छत्तीस माणसं पाण्यात गेली. बावीस आपल्या काठची, चौदा पलीकडची. पुढच्या वर्षी पुलाच्या तोंडाशी चौकोनी खांब उभा केला, चार बाजू, एकेका बाजूला नऊ दगडी पट्ट्या, एकेका पट्टीवर एक नाव. नावं कोरणारा माणूस वेगळा होता. पट्ट्या कापायचं आणि बसवायचं काम दादाचं. सात महिने तो दुसरं काही बोलला नाही. दादाला वाचता यायचं, पण बोट लावून, सावकाश. म्हणून त्यानं प्रत्येक पट्टीच्या पाठीवर, कोपऱ्यात, स्वतःची खूण घातली, कुठली कुठे बसवायची ते चुकू नये म्हणून. ही खुणेची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. माहीत असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती, किंवा मग मी जास्त हुशारीनं खोटं बोलले असते. खरं काय ते मलाही सांगता येत नाही.

खांब सहा वर्षं उभा राहिला. दर वर्षी त्या दिवशी पलीकडून एक टेलरबाई यायची. लोकांचे कपडे शिवायची, गळ्यात मापाची टेप तशीच लटकलेली. तिचे वडील त्या चौदांत. ती यायची, वडिलांच्या नावावर तळहात टेकवायची, थोडा वेळ उभी राहायची आणि बसनं परत जायची. मी तिला बघितलेलं होतं. पहिल्यापासून ओळखत होते. हेही लिहून ठेवते.

मग ते वर्ष आलं. कारखान्यानं माणसं कमी केली. लोक म्हणायला लागले, पलीकडचे पूल ओलांडून येतात, कमी पगारात राबतात, आपली पोटं मारतात. महिनाभर नुसतं तेच. मग कुणीतरी म्हणालं, आपल्या काठावर त्यांची नावं कशाला? एका दुपारी गर्दी निघाली. म्हणे फक्त चौदा पट्ट्या काढायच्या, आपल्या बावीस राहू द्यायच्या. दोर बांधला, ट्रकनं ओढला. दोराला काय कळतंय बावीस आणि चौदा? अख्खा खांब आडवा झाला.

आमचे हे त्या गर्दीत होते. यांना कारखान्यातून काढलं होतं, यांचा राग मी समजू शकते. माझं मात्र तसं काही नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या मागच्या मोरीतला धुण्याचा दगड मधोमध चिरला होता, कपडे त्यात अडकून फाटायचे. हे निघाले तेव्हा मी दारात उभी राहून म्हटलं, "तुम्ही जाताच आहात तर येताना एखादा चांगला सपाट बघा." हे माझे शब्द. लोक रागानं गेले, कुणी बघायला गेले. मी माणूस धाडला धुण्याच्या दगडासाठी.

यांनी शेजाऱ्याची हातगाडी घेतली आणि एक पट्टी आणली, अख्खी, कुठे टवका नाही. मोरीत ठेवताना मी तोंड वाचलं. पलीकडचं नाव होतं. टेलरबाईच्या वडिलांचं. मी म्हटलं, "उलटी ठेवा." हे म्हणाले, "का, नाव टोचतंय का?" मी म्हटलं, "गुळगुळीत बाजूवर साबण घसरतो." ते खरंच होतं, म्हणजे खोटं बोलायचीही गरज पडली नाही. नाव खाली मातीत, पाठ वर. आणि मी धुवायला बसले.

दादा त्या दिवशी लांब कामावर होता. आला तेव्हा लोक पट्ट्या पळवत होते. तो ओरडला नाही, कुणाला अडवलं नाही. एका माणसानं पट्टी आडवी धरली होती, थाळा धरावा तशी. दादा त्याला म्हणाला, "अहो, अशी मध्ये मोडेल. कडेवर उभी धरा, दोघांनी धरा." असं तो एकेकाला सांगत फिरला. लोक हसले. म्हणाले ओळंब्याचं डोकं फिरलं, चोरांना शिकवतोय. पण त्यामुळेच बऱ्याच पट्ट्या शाबूत राहिल्या. आणि कुणाच्या हातात पट्टी होती ते त्याच्या लक्षात राहिलं. आमच्या यांना त्यानं बघितलं नव्हतं. हे आधीच घरी आले होते.

चार-पाच महिन्यांनी, वातावरण निवळल्यावर, त्यानं पट्ट्या गोळा करायला सुरुवात केली. कुणाला चोर म्हणायचं नाही, कुठून आणली विचारायचं नाही. जाऊन माप घ्यायचं, त्याच मापाचा नवा दगड घडवायचा, तो स्वतः बसवून द्यायचा आणि जुना घेऊन जायचा. न्हाव्यानं पट्टीची पायरी केली होती. न्हावी म्हणाला, "ने बाबा ओळंब्या, पण माझी नवी पायरी हलली ना, तर गिऱ्हाइकाच्या कानासकट तुझ्या दारात येईन." दादा म्हणाला, "कान आण, तोही बसवून देतो." एक पट्टी गॅरेजवाल्यानं गाड्यांच्या चाकाखाली लावली होती. एक शाळेच्या पाण्याच्या टाकीवर झाकण. एक खाटकाकडे, तिच्यावर सुऱ्याचे इतके घाव की नाव बोटांनी चाचपून वाचावं लागलं. फुटलेल्याही होत्या. एकीचे चार तुकडे चार घरांत निघाले, ते त्यानं तीन वर्षांत जमवले. सगळं घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये. वहिनी म्हणायची, "लोकांचे नवरे घरी येताना भाजी आणतात. माझा दगड आणतो. आणि वर म्हणतो, जपून, हा नाजूक आहे."

दर रविवारी तो आमच्याकडे यायचा. मागच्या दारानं, मोरीत हातपाय धुऊन आत, मग चहा. त्या दगडावर बसून पाय धुवायचा. पहिली तीन-चार वर्षं त्याला काही कळलं नाही, कारण पाठीवर सिमेंटचा थर होता. दगड कुणाचाही असू शकला असता. मला धडधडायचं. मग धडधडायचं बंद झालं. माणूस कशालाही सरावतो, मी तर रोज त्याच्यावर चादरी आपटत होते.

मग एका रविवारी तो पाय धुवून उठेना. मी चहा घेऊन मागे गेले तर वाकून किल्लीनं दगडाचा कोपरा खरवडत होता. म्हणाला, "बारके, हा दगड कुठला गं?"

मी म्हटलं, "खाणीवरचा. यांनी आणला."

"बरं," म्हणाला आणि चहा घेतला.

पुढच्या रविवारी परत. "दगड कुठून आणलात म्हणालीस?"

"खाणीवरून."

"बरं."

तिसऱ्या रविवारी निघताना, चप्पल घालता घालता. "खाणीवरचाच ना तो दगड?"

मी चिडले. खोटं बोलणाऱ्याला राग लवकर येतो. म्हटलं, "दादा, तुला काय आता जिथेतिथे तुझाच दगड दिसतो का? उद्या माझा पाटा-वरवंटा उलटा करून बघशील!"

तो हसला थोडा. म्हणाला, "नाही गं." आणि गेला.

तीनदा झालं होतं. साखरेची गोष्ट मला आठवली नाही. खरंच आठवली नाही. मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर दहा वर्षं तो दर रविवारी येत राहिला. विषय नाही. एक बदल झाला होता, तो मी बघितला आणि त्याचा अर्थ लावला नाही. त्या दगडावर तो परत कधी बसला नाही. बादली उचलून बाजूला न्यायचा, भिंतीला हात टेकून उभ्या उभ्या पाय धुवायचा. गुडघे दुखत होते तरी. मी म्हणायची, बस की खाली. तो म्हणायचा, बरंय असं. मला वाटायचं वय झालं, बसलं की उठवत नसेल.

छातीत दगडाची धूळ बसली होती त्याच्या. शेवटची दोन वर्षं खोकलाच. मागच्या वर्षी दवाखान्यात ठेवला. लांबलचक वॉर्ड, खिडकीजवळची खाट, शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा रेडिओ लावायचे आणि नर्स बंद करायची. मी रोज डबा घेऊन जायची. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. दादा छताकडे बघत म्हणाला, "बारके, तुझ्या मोरीला उतार नाही."

मी म्हटलं, "आता मोरी कुठून आठवली?"

"पाणी साठतं दगडाखाली. मी बरा झालो की येतो. तो दगड काढू, नवा बसवून देतो. उतार काढून, नीट." मग दम घेतला. "तू काही करू नकोस. मी एकटा येईन. तुला बाहेरसुद्धा यायला नको."

मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "राहू दे दादा. चाललंय माझं त्याच्यावर."

तो म्हणाला, "बरं."

चार दिवसांनी गेला.

मला वाटलं होतं की तो माझ्या मोरीची काळजी करतोय. घाबरले होते ते एवढ्यासाठी की दगड उचलला तर खालचं नाव दिसेल. त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो मला वाट काढून देतोय, कुणाला न कळता, मला मान खाली घालायला न लावता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तो गेल्यावर आठवडाभर मी वहिनीसोबत राहिले. माणसं येत-जात होती, तर एका सकाळी म्हटलं, शेड झाडून घेऊ. चौदा वर्षांत त्या शेडमध्ये मी कधी पाय ठेवला नव्हता, का ते सांगायला नको. आत लाकडी फळ्यांवर दगड मांडलेले, नऊ-नऊचे चार गट. सगळे पालथे. एकही नाव दिसत नाही.

मी म्हटलं, "वहिनी, नावं खाली का?"

वहिनी म्हणाली, "तो पाठीवरूनच ओळखायचा ना. ही बघ खूण. ठिपके म्हणजे कुठली बाजू, रेघा म्हणजे कितवी पट्टी. हा एक ठिपका दोन रेघा, पहिली बाजू, दुसरी पट्टी. मला सगळ्या पाठ आहेत. दुसऱ्या बायकांना गाणी पाठ असतात."

मी बघत बघत गेले. प्रत्येक पाठीच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढ्या रेघा आणि वर खोल ठिपके. तिसऱ्या गटात मधोमध जागा रिकामी. झाडून स्वच्छ ठेवलेली.

"ही?"

"तीन ठिपके, पाच रेघा. त्या टेलरबाईच्या वडिलांची. तेवढी एक मिळाली नाही. मी म्हणायची, सोड आता, फुटून खडी झाली असेल. तर म्हणायचा, नाही, शाबूत आहे, टवकाही नाही. मी म्हणायची, तुला काय स्वप्नात येऊन सांगते का?"

माझ्या हातातला झाडू तसाच राहिला. तीन ठिपके, पाच रेघा मला बघायला घरी जायची गरज नव्हती. माझ्या बोटांना ते माहीत होते. डाव्या हाताशी, कोपऱ्यात, साबणाची वडी मी तिथेच ठेवायची, त्या खड्ड्यांमुळे ती घसरत नाही म्हणून. दहा वर्षं. मला वाटायचं छिन्नीचे घाव आहेत. नाव लपवलं म्हणून मी निर्धास्त होते, आणि ज्याच्यापासून लपवलं त्याला नाव नकोच होतं, त्याला पाठ पुरेशी होती. ती मी स्वतः रोज घासून, सिमेंट काढून, त्याच्यासाठी लख्ख केली होती.

तरी मी तेव्हा वहिनीला बोलले नाही. हेही लिहिते. घरी गेले, यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता काय उपयोग? तो गेला. तूही गप्प बस." मग जरा वेळानं म्हणाले, "आणि मी एकट्यानं नाही आणला. तूच म्हणालीस, सपाट बघा." यांचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई भेटायला आली. आता म्हातारी झाली आहे, जाड काचांचा चष्मा, टेप तरीही गळ्यात. वहिनीजवळ बसली. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "एक बोलू का? राग मानू नका. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण माझ्या मनात राहील."

वहिनी म्हणाली, "बोला की."

"मी दर वर्षी विचारायची त्यांना, माझ्या वडिलांची पट्टी मिळाली का. आधी नीट सांगायचे, शोधतोय म्हणून. मग काही वर्षांनी बदललं. म्हणायचे, शाबूत आहे, पण माझ्या हातात नाही. कुणाकडे आहे विचारलं की खाली बघायचे. एवढा सरळ माणूस, सगळ्यांशी डोळ्याला डोळा लावून बोलणारा, आणि माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायचा. दहा वर्षं. मला वाटायचं यांच्याच हातून फुटली असेल आणि सांगायला लाजतात. कधी वाटायचं, हेच होते त्या दिवशी दोर बांधणाऱ्यांत. आमच्याकडे तसं बोलतात काही लोक. मला वाईट वाटतं असं मनात आलं म्हणून. पण आलं."

वहिनी पुढे सरकली. ती म्हणाली, "माझा नवरा? दोर बांधणाऱ्यांत?"

मी भिंतीला टेकून बसले होते. दगड घेतला त्याची लाज होती, खोटं बोलले त्याची होती, पण ती मी चौदा वर्षं गिळून बसले होते आणि अजूनही गिळली असती. हे मात्र गिळता येईना. ज्याला लोक ओळंबा म्हणायचे त्याला मी दहा वर्षं मान खाली घालायला लावली. बहिणीला चोर म्हणायचं नाही आणि बाईशी खोटंही बोलायचं नाही, ह्या दोन्हींच्या मध्ये तो जमिनीकडे बघत उभा राहिला. आणि लोकांनी दोर त्याच्या हातात दिला.

मी म्हटलं, "पट्टी माझ्याकडे आहे."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी सगळं सांगितलं. सपाट बघा म्हणाले ते, उलटी ठेवली ते, खाण, तीन रविवार, दवाखाना. सांगून झालं तेव्हा वहिनी उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिला येतात चांगल्या.

टेलरबाईनं एकच विचारलं. "कपडे कुठल्या बाजूवर धुत होता? नावावर की पाठीवर?"

"पाठीवर."

"मग नाव आहे?"

"असेल."

"चला," म्हणाली.

आम्ही चालत गेलो. आमचे हे दारात होते, बाईला बघून काय समजायचं ते समजले. मी म्हटलं पहार आणा. यांनी आणली. दगड निघता निघेना, चौदा वर्षं बसलेला. मग सुटला आणि यांनी तो कडेवर उभा केला, दोन्ही हातांनी, दादा सांगायचा तसा. खाली काळा चिखल, गांडुळं, कुणा पोराची हरवलेली एक गोटी. तोंडावर मातीचा थर.

मी फडकं घेऊन पुढे झाले. टेलरबाई म्हणाली, "फडक्यानं नाही. नीट धुवा. साबण लावून धुवा, तुमच्या हातानं."

मी बसले आणि धुतला. ती खुर्ची घेऊन समोर बसली होती, मध्ये मध्ये सांगत होती, त्या अक्षरात राहिलंय, तिथे काडी घाला, परत पाणी घ्या. कुणाकडे शिवायला टाकलेल्या कपड्याची शिवण तपासावी तशी. छत्तिसांतल्या कुठल्याही नावापेक्षा ते नाव स्वच्छ निघालं, ऊन नाही, पाऊस नाही, पायही नाही लागला कुणाचा. तिनं तळहात टेकवला. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल, माफ केलं किंवा नाही केलं. ती म्हणाली, "माझ्या पाठीत कळ आलीय, मला बसपर्यंत सोडा." मी सोडायला गेले. बसमध्ये चढताना म्हणाली, "त्यांच्याबद्दल आमच्याकडे जे बोलतात ते कोण बदलणार? मी एकटी किती घरांत सांगू?"

म्हणून हे लिहिलं. पुस्तक दोन्ही काठांवर वाटणार आहेत असं सर म्हणाले. तर दोन्ही काठांवर वाचा. माझ्या दादानं दोर बांधला नाही, पट्टी फोडली नाही, चोरली नाही. त्याला ती कुठे आहे ते माहीत होतं आणि त्यानं सांगितलं नाही, कारण ती त्याच्या बहिणीच्या मोरीत होती. त्याचं काही वाकडं तुम्हाला दिसलं असेल तर ते माझं आहे.

पट्टी आता शेडमध्ये तिच्या जागी आहे, पालथी, बाकीच्यांसारखी. ती ठेवायला गेलो तेव्हा वहिनीनं शेडचं कुलूप उघडून दिलं आणि माझ्याशी न बोलता ठिपके आणि रेघा मोजून बघितल्या. अजून बोलत नाही. मी रविवारी जाते, मागच्या दारानं. ती चहा ठेवते, कप माझ्यासमोर आपटते, पण ठेवते.

माझ्या मोरीत दगडाच्या जागी खड्डा आहे. हे म्हणतात सिमेंट ओततो. मी म्हटलं थांबा. सध्या उभ्यानं बादलीत धुते, भिंतीला हात टेकून. पाणी खरंच साठतं तिथे. उतार नाहीच.